टेम्पो विकायचा की लायसन काढायचे?

सुगी जवळ आली की रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात गप्पांचा विषय ठरलेला असतो. यंदा माल न्यायचा कसा, भाडे काय पडेल, निपाणीला घालायचा की कोल्हापूरला, की बेळगावच्या व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हायचे? अशाच एका रविवारी आमच्या ओळखीचे एक आण्णा जरा बाजूला घेऊन म्हणाले, "टेम्पो काढून टाकतोय. कागलकडचं गिऱ्हाईक आहे, इसार पण घेतलाय. त्याच्या बदल्यात छोटा हत्ती घेतो."

कारण विचारले तर म्हणाले, "माझं लायसन मोटारीचं. टेम्पोला पिवळी पाटी. एजंट म्हणाला, बॅज नाही तर इन्शुरन्स नाही. उद्या कुणाला धक्का लागला तर शेत विकावं लागेल. त्यापेक्षा लहान गाडी बरी."

आण्णांची भीती खोटी नव्हती. पण त्यांनी काढलेला उपाय चुकीचा होता आणि त्यात त्यांचे बरेच नुकसान होणार होते. पिवळी पाटी छोट्या हत्तीलाही असतेच. बॅज लागतो असे धरले तर तो दोन्ही गाड्यांना लागला असता. म्हणजे गाडी बदलूनही आण्णा होते तिथेच राहिले असते, वर कर्ज झाले असते ते वेगळेच! अशा समजुतीने आपल्या सीमाभागात आणखीही गाड्या विकल्या जात असतील, म्हणून हा विषय या पानावर सविस्तर घेतला आहे.

शेतकरी बंधुभगिनींनो, प्रथम घरातील पत्र्याची पेटी उघडावी आणि गाडीचे आर.सी. पुस्तक किंवा कार्ड बाहेर काढावे. त्यावर वजनाचे दोन आकडे असतात. एक मोकळ्या गाडीचे वजन, दुसरे गाडी आणि माल मिळून होणारे एकूण वजन. मालवाहू गाडीसाठी हा दुसरा आकडा धरायचा. मोटार आणि ट्रॅक्टर यांना मात्र मोकळे वजन धरतात. येथेच पुष्कळांची गल्लत होते. कोणी मालगाडीचे मोकळे वजन पाहून निर्धास्त राहतो, तर कोणी ट्रॅक्टरमध्ये ट्रॉलीचा ऊस मिळवून उगाच घाबरतो.

हा आकडा ७,५०० किलो किंवा त्याहून कमी असेल, तर कायद्याच्या भाषेत ती गाडी 'हलके मोटार वाहन' होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ही मर्यादा आधी ६,००० किलो होती. १४ नोव्हेंबर १९९४ पासून ती ७,५०० झाली. त्याच दुरुस्तीने मध्यम मालगाडी, जड मालगाडी हे लायसनचे वेगवेगळे वर्ग काढून त्यांच्या जागी 'परिवहन वाहन' असा एकच वर्ग आणला, आणि सगळा गोंधळ तेथूनच सुरू झाला. टेम्पो वजनाने हलका, पण धंद्याने परिवहन. मग त्याला मोटारीचे लायसन चालेल की परिवहनची वेगळी नोंद लागेल? विमा कंपन्या म्हणत, नोंद लागेल. अपघातग्रस्तांचे वकील म्हणत, लागणार नाही. एका न्यायालयात एक निकाल, दुसऱ्यात दुसरा, असे कित्येक वर्षे चालले.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की हलक्या वाहनाचे लायसन असलेल्यास ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालविता येते, वेगळी नोंद लागत नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व राज्यांना तसे कळविलेही. पण विमा कंपन्यांनी प्रश्न पुन्हा वर नेला. अखेर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, बजाज अलियान्झ या विमा कंपनीच्या प्रकरणात, तोच निकाल कायम केला. परिवहन वाहनासाठी कायद्याने घातलेल्या जादा अटी ७,५०० किलोच्या वरच्या गाड्यांनाच लागू राहतील, असे पीठाने स्पष्ट केले. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्या यांचे नियम मात्र वेगळे आहेत. गावातील कोणी गॅस सिलिंडर किंवा पेट्रोल-डिझेल वाहण्याचे काम धरले असेल, तर त्याने हा निकाल आपल्याला लागू समजू नये.

तेव्हा आण्णांचा टेम्पो? आम्ही दोघांनी चष्मे लावून कार्ड वाचले. एकूण वजन ५,३००. प्रश्न मिटला. त्यांचे मोटारीचे लायसन त्या टेम्पोला पुरेसे होते. एजंटाने सांगितलेले एकेकाळी वादाचे होते, आता राहिलेले नाही.

असा सौदा केवढ्याला पडतो हेही पाहू. समजा, जुना टेम्पो तीन लाखांना जातो आणि नवी लहान गाडी सहा लाखांना येते. मधल्या तीन लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,४०० रुपये बसतो आणि एकूण फेड ३ लाख ८२ हजारांच्या घरात जाते. आता माल पाहा. आण्णांच्या टेम्पोचे मोकळे वजन २,६५०, म्हणजे माल बसतो २,६५० किलो. पन्नास किलोची त्रेपन्न पोती. लहान गाडीची पेलण्याची ताकद पाऊण टन धरली तर पंधरा पोती. बटाट्याची जी खेप एका फेरीत जायची तिला चार फेऱ्या! तवंदीचा घाट चार वेळा चढायचा आणि उतरायचा. डिझेल, टोल, वेळ, आणि चौथ्या फेरीपर्यंत बाजारातील दराचे काय झाले असेल ते देव जाणे.

याच हिशेबात दुसरीच एक गोष्ट उघडी पडली. आण्णा टेम्पोत पोती किती भरतात? म्हणाले, "सत्तर. कधी पंच्याहत्तर." सत्तर पोती म्हणजे ३,५०० किलो, मर्यादेपेक्षा ८५० किलो जास्त. लायसनच्या भीतीने झोप उडालेल्या माणसाला जादा मालाची भीती कधी वाटलीच नव्हती! २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात जादा मालासाठी २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० अशी तरतूद आहे. दंडापेक्षाही ब्रेकचे पाहावे. घाट उतरताना भरलेली गाडी सतत ब्रेकवर धरली की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. ज्या गियरमध्ये घाट चढलो त्याच गियरमध्ये उतरावे, हे जुन्या ड्रायव्हरांचे सांगणे आजही तितकेच खरे आहे.

आता वरच्या बाजूची गोष्ट. आण्णांच्या मेहुण्यांकडे सहा चाकांची गाडी आहे, एकूण वजन ९,६००. त्यांचेही लायसन मोटारीचेच. पण येथे २०२४ चा निकाल कामाचा नाही, कारण आकडा ७,५०० च्या वर आहे. त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत : परिवहनचे लायसन काढावे, लायसन असलेला ड्रायव्हर ठेवावा, किंवा गाडी विकून ७,५०० च्या आतली घ्यावी. 'आजवर कोणी अडविले नाही' ही चौथी वाट पुष्कळजण धरतात. ती कुठे जाते हे नीट समजून घेतले पाहिजे.

अपघातात तिसऱ्या माणसाचा जीव गेला किंवा हातपाय गेला, तर भरपाई न्यायाधिकरण ठरविते आणि रक्कम लाखांच्या घरात जाते. ड्रायव्हरकडे त्या वर्गाचे लायसन नव्हते आणि मालकाला ते ठाऊक होते असे सिद्ध झाले, तर विमा कंपनी जबाबदारी झटकू शकते. पुष्कळदा न्यायालय कंपनीला सांगते, आधी त्या कुटुंबाला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ही रीत सविस्तर घालून दिली. अपघातग्रस्ताच्या घरच्यांसाठी ही न्यायाची गोष्ट आहे. पण मालकासाठी त्याचा अर्थ इतकाच की वसुली होणार, फक्त थोडी उशिरा. न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची सोय कायद्यात आहे. दोन एकर तंबाखूच्या जमिनीवर जप्ती आली तर घरातील कोण कोण उघड्यावर पडते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

गाडी स्वतःच चालविली पाहिजे असे नाही, पण दुसऱ्याच्या हाती किल्ली देताना त्याचे लायसन हातात घेऊन पाहावे. गाडीचा वर्ग कोणता, मुदत कधी संपते, फोटो त्याचाच आहे ना. एक प्रत घरी ठेवावी आणि एकदा शेजारी बसून तो चालवितो कसा हेही पाहावे. मालकाने एवढी काळजी घेतली असेल तर पुढे लायसन बनावट निघाले तरी न्यायालये त्याच्याकडे सहानुभूतीने पाहतात. आर.टी.ओ. कचेरीत जाऊन खातरजमा करायला हवी होती असे ती सहसा म्हणत नाहीत. लायसन नसलेल्याला जाणूनबुजून गाडी देणाऱ्या मालकाला ५,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि अठराच्या आतील मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. "शेतातून रस्त्यापर्यंतच तर आणतोय" असे म्हणणाऱ्या आयाबापांनी हे ध्यानात घ्यावे.

परिवहनचे लायसन काढणे वाटते तेवढे अवघड नाही. हलक्या वाहनाचे लायसन हाती येऊन एक वर्ष झालेले हवे, वय वीस पूर्ण हवे, डॉक्टरांचा दाखला हवा आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र हवे. प्रथम शिकाऊ परवाना निघतो. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवस झाल्यावर चालविण्याची परीक्षा देता येते. पूर्वी आठवी पासची अट होती. पाचवी-सहावीतून शाळा सोडून शेतात उतरलेल्या कितीतरी हुशार हातांना तिने अडवून धरले होते. २०१९ मध्ये ती अट काढून टाकली गेली. आमच्या मते हा बदल गावागावांत पोचायला हवा होता तसा पोचलेला नाही. ज्यांनी तेव्हा नाद सोडला त्यांनी पुन्हा चौकशी करावी. याच वर्षीच्या दुरुस्तीने या लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, आणि अर्ज राज्यातील कोणत्याही आर.टी.ओ. कचेरीत करण्याची मुभा मिळाली. निपाणीकरांनी चिकोडीलाच गेले पाहिजे असे नाही, बेळगावही चालते. चंदगड-गडहिंग्लजच्या आपल्या मंडळींना मात्र महाराष्ट्रातच अर्ज करावा लागेल.

या सगळ्याला काही हजार रुपये आणि दोन-तीन महिन्यांतील मोजके दिवस लागतात. सहा हजारांचा हप्ता साठ महिने भरण्याशी याची तुलना करून पाहावी.

तरीसुद्धा मेहुण्यांना आम्ही लायसन काढा असे सांगितले नाही. त्यांनी सांगितलेला वर्षाचा हिशेब असा होता : दिवाळीनंतर दोन-अडीच महिने गाडी भरून चालते, उरलेले नऊ महिने पेंडीची पोती, खत, कधी कोणाचे सामान, एक टनाच्या वर क्वचित. एक टनासाठी सहा टायर झिजवायचे, त्या गाडीचा कर, विमा, पासिंग सारे भरायचे! अशा ठिकाणी गाडी उतरविणे हेच शहाणपण. दोन महिन्यांसाठी भाड्याने गाडी मिळते. आणि त्यांनी लहान गाडी घेताना आणखी एक आकडा पाहावा असे सुचविले : ३,००० किलो.

आपण सीमेवर राहतो, म्हणून हा आकडा आपल्याला इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचा. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला कायद्याने परमिट लागत नाही. त्यावरच्या गाडीला परमिट लागते, आणि राज्याची हद्द ओलांडायची तर नॅशनल परमिट किंवा पलीकडच्या राज्याची मान्यता लागते. कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र, चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट उतरला की गोवा. ज्याची कोबी आणि फ्लॉवर आठवड्यातून तीनदा गोव्याला जातात त्याला हा फरक चांगलाच जाणवतो. दिसायला सारख्याच दोन पिकअप गाड्यांपैकी एकीचा आकडा तीन हजारांच्या किंचित आत आणि दुसरीचा बराच वर असू शकतो. दुकानदार हौदाची लांबी दाखवील, आपण कागदावरील वजन विचारावे. बाकी विमा, पासिंग, धुराचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे लहान गाडीलाही लागतातच.

गाडी विकताना शेवटची एक चूक होते आणि ती फार महागात पडते. पैसे मोजून घेतले, किल्ली दिली, चहा झाला, आणि आर.सी. मात्र आपल्याच नावावर राहिले. गाडी पुढे तीन हातांतून फिरते. एके दिवशी भलत्याच गावी अपघात होतो आणि नोटीस येते आपल्या दारी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, मग त्याने गाडी कधीही विकलेली असो. त्याच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कचेरीला कळवायचे असते. दुसऱ्या राज्यात असेल तर ना-हरकत दाखल्यासह पंचेचाळीस दिवसांत. आण्णांचे गिऱ्हाईक कागलचे, म्हणजे महाराष्ट्रातले. "नावावर नंतर करून घेतो, काही घाई नाही," असे ते म्हणाले होते म्हणे. घाई त्यांना नव्हती, आण्णांना असायला हवी होती.

मालगाडीतून माणसे नेण्याबद्दलही लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे लग्न, यात्रा, शेतावरच्या बायका, सगळे टेम्पोतच. माल ज्याचा तो किंवा त्याचा माणूस मालाबरोबर बसला तर विम्याचे संरक्षण मिळते. हमाल-मजुरांसाठी जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंद करून घेता येते. पण मागे हौदात वऱ्हाड भरले आणि टेम्पो उलटला, तर विमा कंपनीवर त्यांची जबाबदारी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मागेच ठरविले आहे. लायसन कितीही पक्के असले तरी त्याचा येथे उपयोग नाही. सणाच्या दिवशी पंचवीस माणसे उभी करून नेणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक दिलासा. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचे लायसन कुचकामी ठरत नाही, असा निकाल आपल्याच कर्नाटकातून गेलेल्या एका प्रकरणात २००१ साली झाला आहे.

परदेशात नोकरीस असलेल्या आपल्या मुलांना हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल. इंग्लंडमध्ये ज्यांनी १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा दिली त्यांना त्याच लायसनवर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालविता येते. त्यानंतरच्यांना साडेतीन टनांच्या वर वेगळी परीक्षा द्यावी लागते. बाप चालवू शकतो ती गाडी मुलगा चालवू शकत नाही, अशी घरे तेथे आहेत.

आता आरोग्याकडे वळू. डॉक्टरांचा दाखला आपल्याकडे सही-शिक्क्यापुरता घेतला जातो, तसे होऊ नये. परिवहनच्या लायसनला हा दाखला लागतो, आणि चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाला कोणत्याही लायसनसाठी लागतो. त्यात एक साधा प्रश्न आहे : चांगल्या उजेडात, चष्म्यासह किंवा चष्म्याविना, २५ मीटरवरील मोटारीची नंबरप्लेट वाचता येते काय? ही परीक्षा घरी करता येते. अंगणात मोटार उभी करावी, तिच्यापासून तेहतीस पावले चालत जावे, मागे वळून एकेक डोळा हाताने झाकून नंबर वाचावा. नंबर पाठ नसलेली, शेजाऱ्याची गाडी घ्यावी!

मोतीबिंदूचा माणूस दिवसा बरा चालवितो, म्हणून त्याला आपले काही बिघडले आहे असे वाटत नाही. रात्री समोरच्या गाडीचा दिवा आला की त्याच्या डोळ्यापुढे पांढरे धुके पसरते आणि कडेची बैलगाडी दिसत नाही. भाजीचा धंदा तर रात्रीचाच. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पहाटे गाडीवर बसू नये. घाम सुटणे, हात थरथरणे, डोके हलके होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. गाडी कडेला घेऊन साखर किंवा गूळ खावा आणि बरे वाटून थोडा वेळ गेल्याखेरीज पुढे निघू नये. सर्दी-खाज यांच्या काही गोळ्यांनी झोप येते, ती घेण्याआधी डॉक्टरांना आपण गाडी चालवितो हे सांगावे. फेफऱ्याचा आजार असेल तर तो लपवू नये. निपाणी भागातील तंबाखूवाल्यांना आणखी एक सूचना. दवाने ओली पाने दिवसभर हाताळली की त्यातील निकोटीन कातडीतून अंगात जाते, मळमळते, चक्कर येते. त्या संध्याकाळी किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. कापणीच्या वेळी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

लायसनची मुदतही याच वेळी पाहून घ्यावी. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपून वर्ष उलटले तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पंचावन्नच्या पुढे लायसन पाच-पाच वर्षांचेच मिळते.

आण्णा छप्पन्न वर्षांचे. त्या दिवशी आवारातच आम्ही त्यांना तेहतीस पावले चालायला लावले. उजव्या डोळ्याने नंबर घडाघडा वाचला. उजवा झाकला तेव्हा म्हणाले, "पाटी पांढरी आहे एवढं दिसतंय." त्यांच्या धाकट्याला हसू आले, मग कोणीच हसले नाही.

कागलच्या गिऱ्हाइकाचा इसार त्यांनी परत केला. डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सुगीनंतरचा दिवस ठरला आहे. तोवर धाकटा टेम्पो चालवितो. त्याचे लायसन मोटारीचेच आहे, आणि टेम्पोत पोती त्रेपन्न.